रोप उंच नको, ठेंगणे हवे

दसरा-दिवाळीचा बाजार गाठायचा तर झेंडूचे बी जुलैत पडायला हवे. लग्नातील सेहऱ्यालाही हाच गेंदा लागतो. पण यवतमाळ जिल्ह्यात जुलै म्हणजे ढगाळ आभाळ. अशा दिवसांत शेडनेटखालची रोपे भराभर उंच होतात, घरचे खूश होतात आणि शेतात लावल्यावर पहिल्याच सरीत ती आडवी पडतात. महागड्या संकरित बियाण्याचे पैसे पाण्यात जातात.

आम्ही वर्गात मूग अंधारात उगवून दाखवतो. कोंब लांब, पण पांढरट आणि लुळे निघतात. उजेड शोधत पळणाऱ्या रोपाचे असेच होते. ही उंची बळाची नाही, उपासमारीची असते.

रोपाला उंच करणारा रस जिबरेलिन. 1926 मध्ये कुरोसावा या जपानी शास्त्रज्ञाने भाताच्या एका रोगावरून त्याचा माग काढला. त्या रोगात रोप ताडमाड वाढते आणि मरते. जपानी लोक त्याला 'मूर्ख रोप' म्हणत.

हा रस रोखणारी औषधे मिळतात. कापूस माजू नये म्हणून आपल्याकडे क्लोरमेक्वाट फवारतात, ते त्यातलेच. पण घराजवळच्या ट्रेवर, मुलाबाळांच्या वावरात, अंदाजाने औषध मारू नये. 2017 मध्ये कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन आपल्या जिल्ह्यात अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले. औषध वेगळे असले तरी हातमोजे, मास्क आणि मापाचा धडा तोच आहे.

त्याआधी बिनखर्चाचे उपाय करावेत. बी उगवताच हिरवी जाळी बाजूला सारावी; पावसासाठी वर पारदर्शक प्लास्टिक पुरते. एका खणात एकच रोप ठेवावे. पाणी सकाळीच द्यावे, वरची माती सुकल्यावरच पुन्हा द्यावे. युरिया टाळावा. पाने कोरडी असताना रोपांच्या शेंड्यांवरून तळहात किंवा गुळगुळीत काठी दिवसातून दोनदा, दहा-वीस वेळा हलकेच फिरवावी. वाऱ्याचा धक्का समजून रोप देठ जाड करते. टोमॅटो-वांग्याला हे मानवते. मिरचीची पाने फाटतात, तिला सोडावे. झेंडूच्या आधी चार रोपांवर करून पाहावे.

साधारण चार आठवड्यांत, चार-पाच पाने येताच लागवड उरकावी. ट्रेमध्ये मुदत संपलेले रोप उंचच होणार. तरीही एखादे लांबलेच तर फेकू नका. जरा खोल लावा, गाडलेल्या देठालाही मुळे फुटतात.