अणुकचऱ्याचा वारसा कोणाच्या माथी?

रत्नागिरी जिल्ह्यातील जैतापूर प्रकल्पासाठी माडबन परिसरातील पाच गावांची सुमारे ९३८ हेक्टर जमीन संपादित झाली. १८ एप्रिल २०११ रोजी साखरी नाटे येथे पोलिसांच्या गोळीबारात एका आंदोलकाचा बळी गेला. अणुभट्टी अद्याप उभी राहिलेली नाही. परंतु तिच्यावर अंकुश ठेवणारे कायदे मात्र दिल्लीत बदलले जात आहेत.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने 'शांती' या गोंडस नावाचा कायदा संमत केला. १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि २०१० चा दायित्व कायदा, हे दोन्ही रद्द करण्याची तरतूद त्यात आहे. भोपाळच्या जखमेतून आलेल्या शहाणपणाने २०१० च्या कायद्यात एक कलम घातले गेले होते. सदोष यंत्रसामग्रीमुळे अपघात झाल्यास भरपाईची रक्कम पुरवठादाराकडून वसूल करण्याचा हक्क त्या कलमाने चालक कंपनीला दिला होता. परदेशी कंपन्यांना ते कलम सतत खुपत होते. नव्या कायद्यात ते उरलेले नाही. मोठ्या अणुभट्टीच्या चालकाची दायित्वमर्यादा १,५०० कोटींवरून ३,००० कोटी रुपये झाली, हे मान्य केले पाहिजे. परंतु जैतापूरच्या फ्रेंच पुरवठादाराला याची झळ कोठे लागते? मर्यादेपलीकडचा भार सरकारवर, म्हणजे अखेर जनतेवरच पडणार.

याहून गंभीर प्रश्न कचऱ्याचा आहे. नव्या कायद्याने खासगी कंपन्यांना अणुवीजनिर्मितीचे दार उघडले. वापरलेल्या इंधनावरील प्रक्रिया आणि तीव्र किरणोत्सारी कचरा मात्र केंद्र सरकारकडेच ठेवला. अशी घातक द्रव्ये खासगी हाती जाऊ नयेत, हे योग्यच आहे. परंतु त्याचा दुसरा अर्थ असा की, वीज विकून होणारा नफा खासगी आणि कचऱ्याचे ओझे सार्वजनिक. वापरलेले इंधन प्रथम काही वर्षे प्रकल्पाच्या आवारातच थंड करावे लागते. त्यातील प्लुटोनियमची किरणोत्सारिता निम्म्यावर येण्यास सुमारे २४,००० वर्षे लागतात. असा कचरा कायमचा पुरण्यासाठी देशात खोल भूगर्भीय भांडार अद्याप नाही. माडबनच्या शेतकऱ्याला हे कोणी समजावून सांगितले आहे काय?

केवळ नियम असून भागत नाही. किरणोत्सारी कचऱ्याच्या विल्हेवाटीचे नियम १९८७ पासून अस्तित्वात होते. तरीही २०१० मध्ये दिल्ली विद्यापीठातील कोबाल्ट-६० असलेले जुने उपकरण भंगारात विकले गेले आणि मायापुरीच्या भंगारबाजारात एका कामगाराचा प्राण गेला. नियम मोडला एकाने, मेला दुसराच. १९८३ मध्ये स्थापन झालेले नियामक मंडळ दुय्यम दर्जाचे असल्याचा ठपका महालेखापरीक्षकांनी २०१२ मध्ये ठेवला होता. नव्या कायद्याने मंडळाला वैधानिक दर्जा दिला, ही स्वागतार्ह गोष्ट. परंतु त्याच्या सदस्यांची शिफारस करणारी समिती अणुऊर्जा आयोगच नेमणार असेल, तर ज्याच्यावर नजर ठेवायची त्यानेच पहारेकरी निवडल्यासारखे होईल.

विजेची गरज कोणी नाकारत नाही. मात्र नियामक मंडळ संसदेला थेट जबाबदार असले पाहिजे. पुरवठादाराचे दायित्व पुन्हा कायद्यात आले पाहिजे. आणि परवान्यापूर्वी कचऱ्याची संपूर्ण योजना मराठीतून ग्रामसभेपुढे मांडली गेली पाहिजे. ज्यांच्या पुढच्या पिढ्यांना हा कचरा राखत बसायचे आहे, त्यांची संमती न घेता केलेला कायदा नावाने 'शांती' असला, तरी साखरी नाट्याच्या कोळीवाड्याला शांत झोप देऊ शकणार नाही.