दिवसाला पन्नास दिरहम

लायब्ररीचं पुस्तक उशिरा परत केलं की दंड भरावा लागतो, हे आपल्याला कुणी सांगायला नको. गंमत अशी, की दोन दिवस उशीर झाला की आपण तिसऱ्या दिवशी जातच नाही. 'आता दंड झालाच आहे, बघू नंतर' असं म्हणतो आणि ते पुस्तक थेट नो ड्यूजच्या वेळी ट्रंकेच्या तळातून बाहेर निघतं. मीही त्यातलाच. पण या सवयीची खरी किंमत मला कळली ती २०२३ च्या ऑक्टोबरात. आणि तीही लायब्ररीत नव्हे, दुबईच्या दंडामुळे!

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात. आखातात कुणी ना कुणी गेलेलं नाही असं घर आमच्या वाडीत शोधावं लागेल. माझा दादा आयटीआय झालेला, वेल्डर. त्या वर्षी मे महिन्यात एका एजंटने त्याला ६० दिवसांच्या व्हिजिट व्हिसावर दुबईला पाठवलं. "तिकडे पोचलास की कंपनी व्हिसा बदलून देईल," असं सांगून. कंपनीने काम दिलं, व्हिसा काही बदलला नाही. २६ जुलैला मुदत संपली. दादा गप्प. गणपतीला येतो म्हणाला होता, तेव्हाही आला नाही. "सुट्टी नाही मिळाली गो," एवढंच आईला सांगितलं.

ऑक्टोबरात एका रात्री मी जर्नल पूर्ण करत बसलो होतो, तेव्हा त्याचा फोन आला. पहिलंच वाक्य, "बाबांना सांगू नको." मग हळूहळू सगळं बाहेर आलं. खोलीतल्या मंडळींनी त्याला सांगितलं होतं, मुदतीनंतर दहा दिवस सूट असते. ती सवलत त्याच वर्षी बंद झालेली. दुसरा कुणी म्हणाला, तू राहतोस शारजाला, तर केंद्र सरकारच्या साइटवर बघ. तिथे नोंदच सापडली नाही आणि दादाने अर्थ लावला, दंड नाही! आता 'नोंद सापडली नाही' आणि 'दंड शून्य' यात केवढा फरक! मीटर जोडलेलाच नसेल तर काटा शून्यावरच राहणार ना?

मी त्याच्याकडून व्हिसाचा फोटो मागवला. फाइल नंबरची सुरुवात २०१ ने होती, म्हणजे व्हिसा दुबईचा. आपण राहतो कुठे याला महत्त्व नाही, व्हिसा निघाला कुठून ते बघायचं. दुबईचा व्हिसा असेल तर जीडीआरएफए या दुबईच्या खात्याच्या साइटवर, बाकी अमिरातींचा असेल तर आयसीपी या केंद्रीय खात्याच्या साइटवर. नंबर, नाव, जन्मतारीख, राष्ट्रीयत्व भरलं. दोन मिनिटांत आकडा समोर. ७४ दिवस, ३७०० दिरहम!

दोन मिनिटांचं काम ७४ दिवस का झालं नाही, हा माझा खरा प्रश्न आहे. दादा आळशी नाही. तो भ्यायला होता. आकडा बघितला की तो खरा होतो, नाही बघितला तर कदाचित नसेलही, असं मनाला वाटत राहतं. दिवस मात्र कुणासाठी थांबत नाहीत. गणपतीच्या आदल्या दिवशी निघाला असता तर २७०० दिरहममध्ये सुटला असता.

मी बाबांना सांगितलं. (दादा आठ दिवस माझ्याशी बोलला नाही, ते असो.) बाबा ओरडले नाहीत. माझ्या फीसाठी ठेवलेले पैसे त्यांनी काढले. नुसते पैसे भरून काटा थांबत नाही, देश सोडेपर्यंत तो चालूच राहतो. म्हणून आधी तिकीट काढलं आणि मग दादाने आमेर सेंटरवर जाऊन दंड भरला, पावती जपून ठेवली. ७६ व्या दिवशी तो विमानात बसला. ३८०० दिरहम, म्हणजे साधारण ८६ हजार रुपये, शिवाय सेवाशुल्क आणि तिकीट वेगळं. माझी फी मी लेट फीसकट भरली. ऑफिसातल्या काकांनी मुदत वाढवून दिली नसती, तर आज हा लेख लिहायला मी इथे नसतो.

काही जण म्हणतात, थांबायचं, कधीतरी माफी येतेच. येते, खोटं नाही. २०१८ मध्ये आली होती, २०२४ मध्ये सप्टेंबर ते डिसेंबर अशी पुन्हा आली. पण तोवर वर्षाला १८,२५० दिरहम चढत राहतात. माणूस आजारी पडला तर दवाखान्यात जायला घाबरतो, मालकाने पगार बुडवला तर तक्रार करायला घाबरतो. लॉटरीच्या भरवशावर कुणी सबमिशन सोडतं का?

आता माझं मत. दोष एजंटचा होता, कंपनीचाही होता. व्हिजिट व्हिसावर काम करणं तिथे बेकायदाच, आणि परवान्याशिवाय माणूस ठेवणाऱ्या मालकाला २०२४ च्या दुरुस्तीनंतर एक लाख ते दहा लाख दिरहम दंड आहे. पण पासपोर्ट दादाचा होता, आणि विमानतळावर अडवणार होते तेही त्यालाच. तेव्हा तारीख मोजणं हे काम दुसऱ्यावर सोपवू नये. आपल्या शेवटच्या वर्षातले निम्मे मित्र 'गल्फ बघू' म्हणतात. प्लेसमेंटवाले आम्हाला टाय बांधायला शिकवतात, ग्रुप डिस्कशन शिकवतात. सरांना विनंती आहे, एक तास व्हिसा कसा वाचायचा यावरही घ्या.

आणि मित्रांनो, घरातला कुणी सणाला 'सुट्टी नाही मिळाली' म्हणाला, तर रागावू नका. एकदा शांतपणे विचारा, "व्हिसा कधीपर्यंत आहे रे?" मला ते सप्टेंबरात सुचलं नाही, याची चुटपुट अजून आहे.

दादा आता चिपळूणला एका वर्कशॉपमध्ये आहे. आणि माझं लायब्ररीचं पुस्तक? कालच परत केलं. वेळेत!

– शेवटचं वर्ष, यंत्र अभियांत्रिकी