आपलेच पैसे, त्यांची सवड

२०२५ च्या डिसेंबरातला पहिला आठवडा ज्यांनी विमानतळावर काढला, ते तो इतक्यात विसरणार नाहीत. वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांचा दुसरा टप्पा १ नोव्हेंबरला लागू झाला होता. नियम येणार हे आधीपासून ठाऊक होतं, तरी देशातली सर्वांत मोठी विमान कंपनी इंडिगो त्यासाठी तयार नव्हती. महिनाभर ताणलेलं वेळापत्रक अखेर तुटलं आणि ५ डिसेंबरला एकाच दिवसात हजारांहून जास्त उड्डाणं रद्द झाली. मुंबई-पुण्यापासून दिल्ली-बेंगळुरूपर्यंत बॅगांचे ढीग लागले. ऐन लग्नसराईचे दिवस. हुबळीत नवरा-नवरीच भुवनेश्वरहून पोचू शकले नाहीत. त्यांनी स्वतःच्या स्वागत समारंभाला पडद्यावरून हजेरी लावली आणि पाहुण्यांनी त्या पडद्याकडे बघून अक्षता टाकल्यासारखं केलं असेल.

या सगळ्यात माझ्या लक्षात राहिली ती मात्र वेगळीच गोष्ट. नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने कंपनीला मुदत घातली: ७ डिसेंबरच्या रात्री आठपर्यंत रद्द उड्डाणांचे पैसे परत करा. आणि त्याच दिवशी मंत्रालयाने सांगितलं की ६१० कोटी रुपयांचे परतावे मार्गी लागले. म्हणजे पैसे परत करण्याची यंत्रणा कंपनीकडे आहे. संगणक चालतात, बँका चालतात, रविवारीसुद्धा चालतात. एरवी जे ‘प्रोसेसमध्ये’ असतं, ते दम भरल्यावर दोन दिवसांत हलतं.

मग एरवी का हलत नाही?

आमच्या सोसायटीतल्या एका काकूंचं नागपूरचं विमान मागे रद्द झालं होतं. तिकीट नाक्यावरच्या एजंटकडून काढलेलं. काकू विमान कंपनीला फोन करायच्या, तिकडून उत्तर यायचं, ‘तुमचं बुकिंग एजंटमार्फत आहे, त्यांच्याशी बोला.’ एजंटकडे गेल्या की तो चहा मागवायचा आणि म्हणायचा, ‘काकू, कंपनीकडून आलेच नाहीत पैसे, मी कुठून देऊ?’ दोघेही गोड बोलत होते आणि दोघांच्या मधे काकूंचे पैसे मजेत मुक्कामाला होते. अखेर त्यांच्या भाच्याने नियमाचा हवाला देऊन कंपनीला एक ई-मेल लिहिला. थोड्याच दिवसांत पैसे आले. चहा बंद झाला, एवढंच नुकसान.

भाच्याने दाखवलेला नियम गुप्त नव्हता. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, यांची परताव्याची नियमावली कित्येक वर्षांपासून आहे. २०१६ आणि २०१९ मध्ये ती सुधारली गेली. त्यात स्वच्छ लिहिलं आहे की एजंट हा विमान कंपनीचाच नेमलेला प्रतिनिधी, त्यामुळे त्याच्यामार्फत काढलेल्या तिकिटाचे पैसे परत करण्याची जबाबदारीही कंपनीचीच. मोबाइलवरची प्रवासाची अ‍ॅपंदेखील यात आलीच. क्रेडिट कार्डाने पैसे भरले असतील तर सात दिवसांत परतावा, कंपनीच्या कार्यालयात रोख भरले असतील तर तिथल्या तिथे, आणि एजंटमार्फत असेल तर, २०२५ पर्यंतच्या नियमानुसार, तीस कामकाजाच्या दिवसांत.

याच नियमावलीत आणखी काही गोष्टी आहेत, ज्या तिकिटावर कधी ठळक अक्षरात छापल्या जात नाहीत. तिकीट तुम्ही स्वतःहून रद्द केलंत तरी रद्द करण्याचा आकार मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त असू शकत नाही. तिकीट ‘नॉन-रिफंडेबल’ असो, की तुम्ही विमानतळावर पोचलाच नाहीत असं असो, सरकारी कर आणि विमानतळाची प्रवासी शुल्कं परत मिळायला हवीत. साधं आहे: तुम्ही विमानतळ वापरलाच नाही, तर तो वापरल्याचं शुल्क कंपनीने कशासाठी ठेवून घ्यायचं? रक्कम बऱ्याचदा काहीशे रुपयांची असते, म्हणून कुणी मागत नाही. पण काहीशे रुपये गुणिले न मागणारे प्रवासी, हा हिशेब कंपनीच्या बाजूने बसून पाहावा.

दोन वेगळे हक्क आपण एकत्र मिसळून टाकतो, तेही इथेच सांगतो. परतावा म्हणजे तिकिटाचे पैसे. भरपाई म्हणजे त्रासाचे पैसे. कंपनीने उड्डाण रद्द केलं, तर कारण काहीही असो, धुकं असो की संप, दुसरं उड्डाण घ्यायचं की तिकिटाचे पैसे, हे प्रवाशाने ठरवायचं. भरपाईला मात्र अटी आहेत. कंपनीने वेळेत कळवलं नाही आणि कारण तिच्या हाताबाहेरचं नव्हतं, तर तासाभराच्या उड्डाणाला ५,००० रुपये, दोन तासांपर्यंतच्या उड्डाणाला ७,५०० आणि त्याहून लांबच्या उड्डाणाला १०,००० रुपये, किंवा एकेरी मूळ भाडं अधिक इंधन आकार, यांतलं जे कमी असेल ते. काउंटरवरचा मुलगा जेव्हा म्हणतो, ‘सर, हवामानामुळे रद्द झालंय, काही मिळणार नाही,’ तेव्हा तो भरपाईबद्दल बोलत असतो. आपण ते परताव्याबद्दल समजून घरी येतो. आणखी एक बारीक गोष्ट: बुकिंगमध्ये तुमचा मोबाइल क्रमांक दिलेलाच नसेल, तर कंपनीवर भरपाईचं बंधन राहत नाही. एजंट पुष्कळदा स्वतःचाच क्रमांक टाकतो. तो आपला आहे ना, हे तिकीट हातात आल्याबरोबर बघावं.

आता ‘क्रेडिट शेल’कडे येऊ. नाव भारदस्त असलं तरी प्रकार ओळखीचा आहे. किराणा दुकानदार सुटे नाहीत म्हणून हातावर चॉकलेट ठेवतो, तसं कंपनी पैशांऐवजी पुढच्या प्रवासाची जमा हातावर ठेवते. चॉकलेट निदान खाता तरी येतं. क्रेडिट शेलला मुदत असते, आणि त्या मुदतीत पुन्हा त्याच कंपनीच्या विमानात बसावं लागतं. डीजीसीएच्या नियमात स्पष्ट आहे की जमा घ्यायची की पैसे, ही प्रवाशाची मर्जी. कंपनीने तो रिवाज करून टाकायचा नाही. पण मोबाइलवर संदेश येतो त्यात ‘स्वीकारा’ हे बटण मोठं असतं आणि परताव्याचा दुवा शोधून काढावा लागतो.

या युक्तीचा सर्वांत मोठा प्रयोग देशाने २०२० मध्ये पाहिला. २५ मार्चला टाळेबंदी लागली आणि विमानं जमिनीवर आली. मे महिन्याच्या सुट्टीची तिकिटं लोकांनी जानेवारी-फेब्रुवारीतच काढून ठेवलेली. १६ एप्रिलला मंत्रालयाने फर्मान काढलं की पूर्ण परतावा द्या, पण कुणाला? ज्यांनी टाळेबंदीच्या काळात टाळेबंदीतल्याच प्रवासाचं तिकीट काढलं होतं त्यांना. घराबाहेर पडायला बंदी असताना विमानाचं तिकीट काढणारे असे किती असतील! ज्यांनी शहाण्यासारखं आधी तिकीट काढलं होतं, त्या बहुसंख्यांच्या वाट्याला क्रेडिट शेल आलं. नोकऱ्या जात होत्या, पगार कापले जात होते, आणि विमान कंपन्या प्रवाशांच्या पैशांवर बिनव्याजी दिवस काढत होत्या.

प्रवासी लीगल सेल ही संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली. १ ऑक्टोबर २०२० रोजी निकाल लागला. आधी काढलेल्या आणि २४ मेपर्यंतच्या प्रवासाच्या तिकिटांचेही पैसे पंधरा दिवसांत परत करा. कंपनी आर्थिक अडचणीत असेल तर ३१ मार्च २०२१ पर्यंत क्रेडिट शेल चालेल, पण ते कुठल्याही मार्गासाठी वापरता आलं पाहिजे, दुसऱ्याच्या नावे करता आलं पाहिजे आणि ३० जून २०२० पर्यंत दरमहा अर्धा टक्का, पुढे पाऊण टक्का या दराने त्याची रक्कम वाढली पाहिजे. मुदतीत वापरलं नाही तर पैसे परत. निकालातली मला सर्वांत मोलाची वाटते ती ही वाढ. प्रवाशाचा पैसा वापरायचा तर त्याचं भाडं द्या, एवढं तरी त्यातून मान्य झालं.

निकाल लागला म्हणून पैसे मिळाले, असंही नाही. प्रवासाची तिकिटं विकणाऱ्या यात्रा या कंपनीकडे टाळेबंदीतल्या ३६,२७६ बुकिंगांचे २६ कोटी २५ लाख रुपये २०२१ मध्ये थकले होते. जून २०२४ मध्येही अडीच कोटींच्या आसपास रक्कम बाकीच होती. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने आदेश काढून ती द्यायला सांगितली. टाळेबंदीत जन्मलेली मुलं तोवर बालवाडीत गेली होती.

विलंब किती महाग पडू शकतो, हे कळायला गो फर्स्टच्या प्रवाशांकडे पाहावं. मुंबईच्या वाडिया समूहाच्या या कंपनीने २ मे २०२३ रोजी दिवाळखोरीचा अर्ज केला. आधी तीन दिवसांची उड्डाणं रद्द झाली, मग आणखी काही दिवसांची, आणि मग सगळीच. लेह-श्रीनगरच्या हंगामाचे ते दिवस. जानेवारी २०२५ मध्ये कंपनी मोडीत काढण्याचा आदेश झाला. अशा वेळी ज्याचे पैसे अडकले, तो प्रवासी राहत नाही. तो धनको होतो, आणि त्याच्या पुढे रांगेत बँका उभ्या असतात. किंगफिशर २०१२ मध्ये थांबली, जेट २०१९ मध्ये थांबली, तेव्हाही हेच झालं. म्हणून धडधाकट दिसणाऱ्या कंपनीकडेही आपले पैसे ‘असू देत, पुढच्या वेळी वापरू’ म्हणून ठेवू नयेत.

आपल्याकडे हे असंच चालायचं, असं म्हणणाऱ्यांसाठी एक उदाहरण. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या वाहतूक खात्याने एअर इंडियाला १२ कोटी १५ लाख डॉलरचे परतावे आणि वर १४ लाख डॉलरचा दंड भरायला लावला. रद्द उड्डाणांच्या पैशांसाठी प्रवाशांनी त्या खात्याकडे केलेल्या तक्रारींपैकी निम्म्याहून जास्त तक्रारी निकाली काढायला कंपनीला शंभर दिवसांहून अधिक लागले होते. त्यातल्या बहुतेक तक्रारी ती टाटांकडे येण्याच्या आधीच्या, म्हणजे सरकारी मालकीच्या काळातल्या. आपली कंपनी, आणि न्याय मिळाला वॉशिंग्टनमध्ये. २०२४ मध्ये तर अमेरिकेने नियमच केला: उड्डाण रद्द झालं आणि प्रवाशाने पर्याय नाकारला, तर पैसे न मागता परत, कार्डाने भरले असतील तर सात कामकाजाच्या दिवसांत, अन्यथा वीस दिवसांत. मुलीच्या बाळंतपणासाठी मुंबईहून न्यूअर्कला निघालेल्या आजी-आजोबांनाही तो लागू होतो. तेच आजी-आजोबा मुंबईहून नागपूरला निघाले तर मात्र पाठपुरावा आलाच.

तो कसा करावा, हे थोडक्यात. विमान रद्द झाल्याचा संदेश जपून ठेवावा. स्क्रीनशॉट काढावा, कारण अ‍ॅपमधली माहिती बदलते. तिकीट स्वतःहून रद्द करू नये. कंपनीने रद्द केलेलं विमान आपण रद्द केलं की आकार कापला जातो. क्रेडिट शेलचं बटण दाबू नये. कंपनीला ई-मेल लिहावा: पीएनआर, तारीख, रक्कम आणि ‘मला मूळ खात्यात पैसे हवेत’ हे एक वाक्य. फोनवरचं बोलणं हवेत जातं. उत्तर आलं नाही तर कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला लिहावं, मग मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार नोंदवावी, शिवाय १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहेच. कार्डाने पैसे भरले असतील तर बँकेकडे चार्जबॅक मागता येतो. त्याला मुदत असते, तेव्हा उशीर नको. आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोग: दोन वर्षांच्या आत, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही, आणि २०१९ च्या कायद्यामुळे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. साताऱ्याच्या माणसाने गुरुग्रामला खेटे घालायची गरज नाही.

हे सगळं प्रवाशाने शिकून घ्यावं, हे खरं. पण प्रवाशाने हे शिकावं लागतं, हीच मूळ तक्रार आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये डीजीसीएने परताव्याच्या नियमांत बदलाचा मसुदा काढला. तिकीट काढल्यावर विनाशुल्क रद्द करण्याची मुभा २४ तासांवरून ४८ तासांवर न्यावी आणि एजंटमार्फतच्या परताव्याला २१ कामकाजाचे दिवस असावेत, असं त्यात होतं. दिशा चांगली होती. पण कंपनीनेच उड्डाण रद्द केलं असेल तर तीस दिवस काय आणि एकवीस काय, दोन्ही जास्तच आहेत. पैसे घेताना कंपनीला काही सेकंद लागतात.

म्हणून मागणी एकच असावी. उड्डाण कंपनीने रद्द केलं की प्रवाशाने अर्ज न करता पैसे मूळ खात्यात जमा व्हावेत, आणि ठरलेल्या मुदतीनंतरच्या प्रत्येक दिवसाला व्याज लागावं. हे जमणार नाही, असं आता कुठल्याच विमान कंपनीने सांगू नये. डिसेंबरात ६१० कोटी रुपये जमले होते.