सही केली, सभा झाली



कापसाच्या भावासाठी आम्ही रस्त्यावर बसलो. नागपूरच्या अधिवेशनावर गेलो, भाकरी बांधून मुंबई-दिल्ली पाहून आलो. पोलिसांच्या गाडीत चढताना आमचे पाय कधी लटपटले नाहीत. पण घरापासून शंभर पावलांवर असलेल्या ग्रामपंचायतीत वर्षातून चार वेळा जायला आम्हाला सवड होत नाही. १५ ऑगस्टला डवरणी-निंदण असते, २ ऑक्टोबरला फवारणी, २६ जानेवारीला वेचणी आणि ज्वारीची राखण, १ मेला कोणाचे तरी लग्न. सबबी खऱ्या आहेत. त्यांची किंमत किती पडते, ते आम्हाला २०२२ च्या पावसाळ्यात कळले.

आमच्या शिवारात जायला एक पांदण आहे. काळी जमीन. पाऊस झाला की बंडीची चाके आखापर्यंत रुततात. पहिल्या वेच्याचा कापूस गाठोडी बांधून डोक्यावर सडकेपर्यंत आणावा लागतो. त्याची मजुरी वेगळी. परतीच्या पावसात गाठोडी भिजली की व्यापारी ओलीचे कारण सांगून भाव पाडतो. सरकार आम्हाला भाव देत नाही हे आम्ही तीस वर्षे सांगत आलो, ते खरेच आहे. पण या पांदणीच्या चिखलात क्विंटलमागे किती रुपये रुततात, त्याचा हिशेब आम्ही कधी मांडला नाही.

२०२१ साली सरकारने मातोश्रींच्या नावाने शेत-पाणंद रस्त्यांची योजना काढली, तेव्हा आम्हीही तालुक्याला अर्ज दिला. उत्तर मिळाले की ग्रामसभेने मंजूर केलेल्या यादीत तुमचा रस्ताच नाही. आम्ही तावातावाने पंचायतीत गेलो आणि ग्रामसभेची वही मागितली. वही निघाली. सभा झालेली होती. यादी 'सर्वानुमते' मंजूर होती. आणि खाली सह्या आमच्याच होत्या!

मग आठवले. शिपाई वही घेऊन धुऱ्यावर आला होता. "दादा, एक सही लागते," म्हणाला. आम्ही कपाशीतून बाहेर आलो, मातीचे हात पुसले, दाखवली तिथे सही केली आणि वर त्याला चहा पाजला. वही खोटी म्हणावी तर सही खरी. आता भांडावे कोणाशी?

त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ ला लागू झाली आणि ग्रामसभा राज्यघटनेत आली. आमच्या राज्याचा ग्रामपंचायत कायदा तर १९५८ चा. मतदार यादीत ज्याचे नाव आहे तो प्रत्येक जण ग्रामसभेचा सभासद आहे. आमदाराला विधानसभेत बसायला निवडून यावे लागते. तुम्हा-आम्हाला ग्रामसभेत बसायला कोणाची परवानगी लागत नाही, तिकीटही लागत नाही. पंचायतीचे अंदाजपत्रक, जमाखर्च आणि वर्षाचा विकास आराखडा ग्रामसभेपुढे यावाच लागतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या वर्षांसाठी जो पैसा थेट पंचायतींकडे पाठवला, त्यातला साठ टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता, चाळीस टक्के गावाने ठरवायचा होता. तो कोणी ठरवला? ज्याच्या हाती वही होती त्याने.

आमच्यातले काही जण म्हणतात, ही सरकारी पैशाची शिते आहेत, त्यामागे कशाला धावायचे, भाव मिळाला तर रस्ता आम्हीच करू. बोलणे बाणेदार आहे. पण पैसा येतोच आहे, आणि तुम्ही सभेला गेला नाहीत म्हणून तो परत जात नाही. तो ठेकेदाराच्या अंगणात जातो. दुसरे म्हणतात, ग्रामसभेत नुसती भांडणे होतात. होतात. आमच्याकडेही एकदा खुर्च्या उचलल्या गेल्या. पण भाऊबंदकी पारावर चालतेच ना? तिथे तिचे इतिवृत्त कोणी लिहीत नाही, एवढाच फरक. ग्रामसभेने कापसाचा भाव वाढणार नाही, हेही सांगून टाकतो. त्यासाठीची लढाई वेगळी, ती चालूच राहील.

नगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर) हिवरे बाजारचे नाव सर्वांनी ऐकले आहे. पाऊस आपल्यापेक्षाही कमी. तिथे ग्रामसभेत दरसाल पाण्याचा ताळेबंद मांडतात, पाऊस किती झाला ते पाहून पिके ठरवतात, आणि शेतीसाठी विंधन विहीर घ्यायची नाही असा गावाचाच नियम आहे. लोक म्हणतात, तिथे पोपटराव पवार होते. होते. पण नियम पाळले ते गावाने, आणि ते सभेत बसून आपणच केले होते म्हणून पाळले.

२०२३ मध्ये आम्ही शहाण्यासारखे वागलो. सभेची नोटीस सात दिवस आधी लागायला हवी, म्हणून फळ्यावर नजर ठेवली. पांदणीचा विषय आधीच लेखी दिला आणि पोच घेतली. तोंडी सांगितलेला विषय 'आयत्या वेळी' असतो आणि आयत्या वेळीच मरतो. त्याआधी महिलांची ग्रामसभा होती. ती कायद्याने प्रत्येक ग्रामसभेच्या आधी घ्यावी लागते, पण बहुतेक गावांत तीही वहीतच होते. आमच्या मायबहिणी खरोखर गेल्या. गाठोडी त्यांच्याच डोक्यावर असतात. वेचणीच्या मजूर बायाही बरोबर गेल्या आणि त्यांनी पांदण पहिल्या क्रमांकावर घालून घेतली. दुसऱ्या दिवशी आम्हा पुरुषांना काही बोलायचे शिल्लक नव्हते.

गणपूर्तीला मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यातला जो आकडा कमी असेल तेवढी माणसे लागतात. ती न जमल्यास सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. सगळी गंमत इथेच आहे. पहिल्या दिवशी कोणी येत नाही, पुढे पाच टाळकी बसून गावाचे वर्ष ठरवतात. म्हणून पहिल्याच दिवशी जा. ठराव लिहून झाला की मोठ्याने वाचायला लावा, मग सही करा. ग्रामसेवकांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचे असते. नाव बदलले, वही तीच आहे. नक्कल देत नसतील तर माहिती अधिकारात दहा रुपये भरून मागा, तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते.

आमची पांदण यादीत आली. अर्ध्यापर्यंत मुरूम पडला आहे. उरलेल्या अर्ध्यावर एकाने धुरा सरकवून कपाशी लावली आहे. तो ग्रामसभेच्या ठरावाला जुमानत नाही, म्हणून १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदारांकडे दावा टाकला आहे. तो आमचाच चुलतभाऊ आहे.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या गावच्या शेवटच्या ग्रामसभेच्या इतिवृत्ताची नक्कल सोबत आणावी. सह्यांचे पान विसरू नये.