विजयदुर्ग आणि १७५६ चा हिशेब

२०२५ च्या जुलैमध्ये मराठ्यांच्या बारा दुर्गांना युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले आणि त्यांत विजयदुर्गाचे नाव आले, तेव्हा कोकणात जो आनंद व्यक्त झाला तो सर्वथा उचितच होता. परंतु त्या निमित्ताने अजिंक्य तटबंदीचे जेवढे गुणगान झाले, तेवढे लक्ष या बंदराचे भाग्य फिरवणाऱ्या फेब्रुवारी १७५६ मधील दोन दिवसांकडे कोणी दिले नाही.

विजयदुर्गाचे, म्हणजे जुन्या घेरियाचे, खरे सामर्थ्य तटापेक्षा त्याच्या पाठीशी असलेल्या वाघोटन खाडीत होते. पावसाळ्यातील नैर्ऋत्येच्या वाऱ्यापासून सुरक्षित अशा त्या पाण्यात आंग्र्यांच्या गुराबा आणि गलबते विसावत, आणि खडक खोदून केलेल्या गोदीत त्यांची डागडुजी होई. १७२० साली तरता तोफखाना घेऊन आलेले इंग्रज आणि १७२४ साली आलेले डच हात हलवीत परतले, यात कान्होजी आंग्रे यांच्या कर्तृत्वाइतकाच या खाडीचाही वाटा होता.

अशा या बंदराविरुद्ध मार्च १७५५ मध्ये नानासाहेब पेशव्यांच्या वतीने रामाजी महादेव यांनी मुंबईकर इंग्रजांशी करार केला. त्याच वर्षी सुवर्णदुर्ग पडला, आणि पुढच्या फेब्रुवारीत ॲडमिरल वॉटसन आरमार घेऊन व क्लाइव्ह पायदळ घेऊन घेरियापुढे दाखल झाले. लुटीची वाटणी इंग्रजांनी मुंबईतून निघण्यापूर्वीच आपसांत ठरवली होती, आणि तीत मराठ्यांना हिस्सा नव्हता! घेरियाचे तेव्हाचे धनी तुळाजी आंग्रे स्वतः पेशव्यांच्या छावणीत तहाची बोलणी करीत होते. किल्ला परभारे मराठ्यांच्या स्वाधीन होईल या भीतीने इंग्रजांनी १२ तारखेस तोफा डागल्या. पूर्वी कंपनीकडूनच हिसकावलेल्या ‘रिस्टोरेशन’ जहाजाने प्रथम पेट घेतला आणि दोरखंडांनी एकत्र बांधलेले सारे आरमार त्या आगीत भस्मसात झाले. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. सुमारे दहा लाखांची लूट इंग्रजांनी घेतली, आणि किल्ला सोडण्यासही ते राजी होईनात. अखेर ऑक्टोबरच्या तहात बाणकोट देऊन पेशव्यांना विजयदुर्ग परत घ्यावा लागला.

तुळाजी निर्दोष होते असे मुळीच नाही. पेशव्यांची सत्ता ते जुमानीत नसत, आणि त्यांचा उपद्रव स्वकीयांनाही होत असे. त्यांना वठणीवर आणण्याचा अधिकार पुण्याच्या दरबाराला निःसंशय होता. पण सरखेलीचा, म्हणजे आरमाराच्या सरदारीचा, तंटा हा जणू देशावरील एखाद्या वतनाचा कज्जा आहे अशा समजुतीने तो सोडवण्यासाठी ज्या परकीयाला कोकणच्या दर्यावर मोकळीक हवी होती त्यालाच पाचारण करणे, हा राजनीतीचा दोष होता; आणि अंतर्गत कलहाच्या नावाखाली तो झाकण्याची आपली सवय मला मान्य नाही. पुढे आनंदराव धुळपांनी याच बंदरातून आरमार पुन्हा उभे केले, १७८३ मध्ये इंग्रजांचे ‘रेंजर’ जहाजही पकडले. मात्र मुंबईच्या आरमाराला निर्धास्तपणे दक्षिणेकडे जाऊ न देण्याची आंग्र्यांची जरब परत आली नाही.

वारसा म्हणून हे स्थळ आता जगापुढे मांडायचे असेल, तर तटाइतकीच काळजी त्या गोदीचीही घ्यावी, आणि १७५६ ची हकीकत सांगताना वॉटसन व क्लाइव्ह यांच्या नावांशेजारी रामाजी महादेव हे नावही स्पष्ट अक्षरांत लिहावे.