सारांश नको, मूळ पान दाखवा

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची उसासाठीची शिफारस अशी आहे: आडसालीला हेक्टरी ४०० किलो नत्र, पूर्वहंगामीला ३४० आणि सुरू उसाला २५०. हे आकडे हेक्टरचे आहेत आणि राहुरीतल्या शेतकऱ्याची जमीन मोजली जाते एकर-गुंठ्यांत. सगळे नत्र युरियातून द्यायचे धरले, तर आडसालीला एकरी १६० किलो नत्र लागते, म्हणजे ४५ किलोच्या पावणेआठ गोण्या. ‘हेक्टरी’ हा एवढा एक शब्द वाचताना निसटला आणि ४०० चा आकडा एकराला लावला, की गोण्या एकोणीसच्या वर जातात. खर्च अडीचपट होतो, ऊस माजतो, लोळतो आणि कीड-रोगांना बळी पडतो.

असा शब्द निसटण्याची शक्यता आता वाढली आहे. गुगलवर काही विचारले की अनेकदा सर्वांत वर एआयने तयार केलेला सारांश येतो आणि ज्या पानांवरून तो बेतला ती पाने खाली ढकलली जातात. गुगलने ही सोय १४ मे २०२४ रोजी अमेरिकेत सर्वांसाठी खुली केली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती भारतात आणली. ती हवी का, असे वापरणाऱ्याला कुणी विचारले नाही. नको असेल तर कायमची बंद करण्यासाठी गुगलने साधे बटणही दिलेले नाही. हा आमच्या शोधसेवेचाच भाग आहे, असे कंपनीचे म्हणणे आहे. मुख्य आक्षेप याच गोष्टीला आहे. सारांश ज्याला हवा त्याने खुशाल वाचावा. ज्याला नको त्याला तो एका जागी, एकदाच आणि कायमचा बंद करता आला पाहिजे.

सारांश चुकतात, हे आता लपून राहिलेले नाही. अमेरिकेत सुरुवातीच्या दोन आठवड्यांतच पिझ्झ्यावरचे चीज सुटू नये म्हणून सॉसमध्ये डिंक मिसळण्याचा सल्ला निघाला. तो आला होता कुणी तरी अनेक वर्षांपूर्वी थट्टेत लिहिलेल्या ओळीवरून. रोज एक लहान दगड खावा, हा सल्ला एका विडंबनाच्या संकेतस्थळावरून उचललेला होता. त्यावर जग हसले आणि गुगलने दुरुस्त्या केल्या. पण जानेवारी २०२६ मध्ये ‘द गार्डियन’ने जे दाखवले ते हसण्यासारखे नव्हते. स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांनी स्निग्ध पदार्थ टाळावेत, असे सारांश सांगत होता. तज्ज्ञांच्या मते सल्ला नेमका याच्या उलट असायला हवा. यकृताच्या रक्तचाचण्यांच्या काही प्रश्नांवरचे सारांश त्यानंतर काढून टाकावे लागले.

दगड खायचा सल्ला कुणीही ओळखेल. खताची मात्रा, औषधाचे प्रमाण, पेरणीचा पंधरवडा यांतली चूक अशी डोळ्यावर येत नाही. ती अगदी शहाण्या माणसाच्या भाषेत येते.

याउलट विद्यापीठाची शिफारस कशी तयार होते, हे राहुरीच्या आसपासच्या लोकांनी जवळून पाहिलेले आहे. १९६८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाकडे पश्चिम आणि उत्तर महाराष्ट्रातले दहा जिल्हे आहेत. नवा वाण असो की खताची मात्रा, आधी संशोधन केंद्रावर अनेक हंगाम चाचण्या होतात, मग वेगवेगळ्या ठिकाणी आणि शेतकऱ्यांच्या शेतावर. त्यानंतर राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांची संयुक्त बैठक भरते. कृषी खात्यातले लोक तिला जॉइंट ॲग्रेस्को म्हणतात. तिथे शास्त्रज्ञाला आपले आकडे सहकाऱ्यांसमोर ठेवावे लागतात, प्रश्न झेलावे लागतात. पुरावा तोकडा वाटला तर शिफारस होत नाही.

फुले २६५ हा उसाचा वाण घ्या. १९३२ पासून उसावर काम करणाऱ्या पाडेगावच्या संशोधन केंद्रातून तो आला आणि २००७ साली प्रसारित झाला. क्षारपड, चोपण जमिनीतही तो तग धरतो. मुळा आणि प्रवरेच्या कालव्यांवरच्या राहुरीच्या पट्ट्यात पाण्याच्या अतिवापराने कुठे कुठे जमिनी खारावल्या, तिथल्या शेतकऱ्याला या गुणाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. को ८६०३२ ची गोष्ट निराळी. तो वाण खताला चांगला प्रतिसाद देतो, म्हणून त्याला नेहमीच्या मात्रेपेक्षा २५ टक्के जास्त खताची शिफारस आहे. म्हणजे ‘उसाला खत किती?’ या प्रश्नाला एक उत्तर नाहीच. वाण कोणता, हंगाम कोणता, जमीन कशी, माती परीक्षणात काय निघाले, लागण आहे की खोडवा, हे आधी ठरावे लागते. विद्यापीठाच्या कृषिदर्शनी या पुस्तिकेत हे सगळे ‘जर-तर’ तक्त्यात शेजारी शेजारी छापलेले असतात. सारांशाचे कामच मुळी मजकूर आखूड करण्याचे आहे, आणि आखूड करताना पहिली कात्री या ‘जर-तर’ला लागते.

कीटकनाशकाच्या बाबतीत तर ही कात्री जिवावर बेतू शकते. डब्यावरच्या चौकोनात खाली लाल त्रिकोण असेल तर ते औषध अत्यंत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. सोबतच्या घडीपत्रकावर कोणत्या पिकावर, कोणत्या किडीसाठी, किती पाण्यात किती मात्रा आणि फवारणीनंतर किती दिवसांनी काढणी करायची, हे दिलेले असते. हा मजकूर सरकारी नोंदणीने बांधलेला आहे. तो चुकला तर जाब विचारायला कंपनी आणि कायदा आहे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेल्या विषबाधेने किमान वीस शेतकरी आणि शेतमजूर दगावले. औषधांची मनाने केलेली मिश्रणे आणि संरक्षक साधनांचा अभाव, यांची तेव्हा खूप चर्चा झाली. ज्या राज्याने हे पाहिले आहे, तिथे मात्रेच्या प्रश्नाला सही, तारीख आणि जबाबदारी नसलेला परिच्छेद सर्वांत वर झळकावा, हे मान्य करता येत नाही.

खाली मूळ दुवे दिलेले असतातच, वाचणाऱ्याने ते उघडावेत, असा युक्तिवाद केला जातो. लोक ते उघडत नाहीत. अमेरिकेतल्या प्यू संशोधन संस्थेने मार्च २०२५ मधल्या ९०० प्रौढांच्या ब्राउझिंगचा अभ्यास केला. सारांश नसलेल्या पानावरून नेहमीच्या निकालाच्या दुव्यावर जाण्याचे प्रमाण १५ टक्के होते, सारांश असलेल्या पानावर ते ८ टक्क्यांवर आले. खुद्द सारांशात दिलेल्या दुव्यावर गेले ते एक टक्का.

मराठीला हा फटका जास्त बसेल. इंटरनेटवर शेतीचे भरवशाचे मराठी लेखन आधीच थोडे. २००५ पासून निघणारे ‘ॲग्रोवन’सारखे शेतीला वाहिलेले दैनिक, कृषी विद्यापीठे, कृषी विज्ञान केंद्रे आणि पदरमोड करून लिहिणारे काही अभ्यासू शेतकरी, एवढ्यांवर सगळा भार आहे. त्यांच्या मजकुरातून सारांश तयार होणार आणि वाचक त्यांच्या पानापर्यंत पोहोचणारच नाही, असे होत राहिले तर पुढच्या हंगामात नवे लिहील कोण? मग मराठी प्रश्नाची उत्तरे दुसऱ्या मुलखातल्या, दुसऱ्या मातीतल्या मजकुरावरून भाषांतरित होऊन येऊ लागतील. ब्राझीलमधल्या उसाचा सल्ला देवळाली प्रवरेच्या रानात चालत नाही.

दुसरी बाजूही खरी आहे. ज्याला लांबलचक लेख वाचायला जड जाते, इंग्रजी कळत नाही, त्याला चार ओळींचे मराठी उत्तर मोठा आधार वाटतो. घरातल्या वयस्कर माणसाने फोनला तोंडी प्रश्न विचारावा आणि उत्तर मिळावे, यात वाईट काहीच नाही. पण अशा गरजेसाठी जबाबदार जागा आहेत. राज्याच्या कृषी विभागाने २०२५ मध्ये ‘महाविस्तार’ हे ॲप आणले, त्यात एआयच मराठीत उत्तर देते. पण ते कुणाचे हे ठाऊक आहे आणि चुकले तर विचारायला एक खाते आहे. २००४ पासून चालू असलेल्या किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर सकाळी सहा ते रात्री दहापर्यंत माणूस मराठीत बोलतो आणि ‘जमीन कशी आहे?’ असा उलट प्रश्नही विचारू शकतो. विरोध एआयला नाही, न मागता पुढे केलेल्या आणि हटवता न येणाऱ्या उत्तराला आहे.

गुगल बंद करण्याचे बटण देत नाही, तोवर जे हातात आहे ते करावे. गुगलच्या निकालांवर ‘सर्व’, ‘प्रतिमा’, ‘व्हिडिओ’ अशी जी ओळ असते तिच्यात, बहुधा ‘अधिक’च्या आत, ‘वेब’ असा पर्याय आहे. त्यावर बोट ठेवले की सारांश जातो आणि नुसते दुवे उरतात. संगणकावरच्या क्रोममध्ये शोधयंत्रांच्या सेटिंगमध्ये जाऊन हाच पर्याय नेहमीसाठी नेमता येतो. त्यासाठी शोधाच्या पत्त्यात इंग्रजी अक्षरांत यूडीएम, बरोबरचे चिन्ह आणि १४ हा अंक जोडावा लागतो. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाचे हे पाच मिनिटांचे काम आहे. डकडकगो या शोधयंत्राच्या सेटिंगमध्ये तर एआयची उत्तरे ‘कधीच नको’ असे सरळ निवडता येते. ब्रेव्हच्या शोधातही ती बंद करता येतात. ज्या अर्थी या छोट्या कंपन्यांना हे जमते, त्या अर्थी गुगलला न जमण्याचे तांत्रिक कारण नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने वृत्तप्रकाशकांच्या तक्रारीवरून जानेवारी २०२२ मध्ये गुगलची चौकशी लावली होती. सारांश नाकारण्याचा हक्क वाचकाला आणि मजकूर न देण्याचा हक्क प्रकाशकाला असावा, हा विषयही आयोगाने हाती घ्यावा.

आणि एक मागणी राहुरीच्या विद्यापीठाकडे. शेतकरी सारांश बाजूला सारून मूळ पान शोधू लागला, तर ते पान त्याला मोबाइलवर सापडले पाहिजे. अनेक संस्थांचे मराठी साहित्य अजून स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये किंवा जुन्या फॉन्टमध्ये अडकलेले आहे, जे कुठल्याही शोधयंत्राला नीट वाचता येत नाही. कृषिदर्शनी दरवर्षी नव्याने निघते, तिच्यातली माहिती तपासणारे शास्त्रज्ञ विद्यापीठाच्या आवारातच आहेत. त्यांनी प्रत्येक पिकाच्या शिफारशीचे युनिकोडमधले स्वतंत्र, खुले पान करावे. त्यावर शिफारशीचे वर्ष आणि ते पीक पाहणाऱ्या संशोधन केंद्राचे नाव असावे, आणि हेक्टरच्या आकड्याशेजारी एकराचा आकडा असावा. सुरुवात उसापासून करायला हरकत नाही.