वाकले ते टाकावे काय?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या हातून एका मित्राची मोटार भिंतीवर आदळली आणि तिची चासी वाकली. वाचकांनी घाबरून जाऊ नये. मोटार हातभर लांबीची होती, तिच्यात कोणी बसलेले नव्हते आणि भिंत आमच्याच सोसायटीची होती. रेडिओच्या लहरींवर चालणारी, खऱ्या गाडीच्या एक-अष्टमांश मापाची ही मोटार. तरीही तिच्या मालकासमोर तिला खेळणे म्हणण्याचे धाडस कोणी करीत नाही. वजन साडेतीन किलोच्या घरात आणि वेग ताशी ६० किलोमीटरच्या पुढे सहज जाणारा. असा ऐवज दगडी भिंतीवर समोरून गेला की जे व्हायचे ते होतेच.

मित्र गावी गेला होता आणि गाडी त्याने विश्वासाने माझ्याकडे ठेवली होती. घरात प्रत्येकाने आपापल्या स्वभावाप्रमाणे सल्ला दिला. आई म्हणाली, “नवीन पट्टी आणून बसव आणि मोकळा हो.” धाकटा भाऊ म्हणाला, “दादा, दोन हातोड्या हाण, होईल सरळ.” वाकलेल्या वस्तूंविषयीचे आपल्या साऱ्या समाजाचे धोरण या दोन वाक्यांत आले आहे असे मला वाटते: टाका, नाही तर ठोका. माझे मत या दोहोंपेक्षा निराळे आहे. ते बनवताना मी स्वतःची एक पट्टी कायमची वाया घालवली आहे, तेव्हा ते मांडण्याचा थोडा अधिकार मला आहे असे मी समजतो.

प्रथम ही चासी म्हणजे काय ते सांगतो. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची सुमारे ३ मिलिमीटर जाडीची ही लांबट पट्टी. मोटर, बॅटरी, चाकांचे दांडे, स्प्रिंगा, सगळे हिच्यावर स्क्रूंनी बसते. ही वाकली की वरचे काहीच जागेवर राहत नाही. चार चाकांवर वजन सारखे पडत नाही. गाडी उजवीकडे चटकन वळते आणि डावीकडे वळताना घसरते. फिरणारे दांडे अडखळतात आणि मोटर तापते. गंमत अशी की मालक बिचारा स्प्रिंगा बदलतो, टायर बदलतो, चालवणाऱ्या हाताला दोष देतो; पायाकडे कोणी पाहत नाही.

पाया पाहायची रीत मात्र अगदी सोपी आहे. गाडी सपाट जागी ठेवावी आणि तिच्या नाकाच्या बरोबर मध्याखाली सुरीचे पाते घालून हळूच उचलावे. पुढची दोन्ही चाके एकाच क्षणी जमीन सोडतील तर ठीक. एक आधी उठले तर स्प्रिंगा तरी बिघडल्या आहेत, नाही तर चासीत पीळ आहे. नक्की काय ते ठरवण्यासाठी गाडी पूर्ण उघडून नुसती पट्टी जाड काचेवर ठेवावी. काचेइतकी सपाट वस्तू सामान्य घरात दुसरी नसते. पट्टीचे कोपरे बोटाने दाबून पाहावेत. डुगडुगली तर पीळ. कडेखालून उजेड दिसला तर वाक. वहीचा कागद सुमारे एक-दशांश मिलिमीटर जाड असतो. उजेडाच्या फटीत असे किती कागद सरकतात ते मोजले की दोष आकड्यात हाती येतो.

हे मोजणे मी इतक्या आग्रहाने सांगतो, त्याला कारण आहे. अशा बऱ्याच गाड्यांच्या चासीचे नाक कारखान्यातूनच काही अंश वर उचललेले असते. खडबडीत जमिनीवर ते रुतू नये, हा त्यामागचा हेतू. आमच्या बंधुराजांनी मोगरी उचलली होती ती नेमकी तेच नाक सपाट करायला! वाकलेले दिसते ते सगळेच बिघडलेले नसते. जे मुळातच तसे घडवले आहे आणि जे धडकेने तसे झाले आहे, यांतला फरक ज्याला कळत नाही त्याने सरळ करण्याच्या भानगडीत पडू नये.

आता माझ्या पापाची कथा. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत मी लहानपणापासून जात आलो आहे. तांबे ठोकता ठोकता कठीण होते, मग ते तापवून मऊ करतात आणि पुन्हा ठोकायला घेतात, हे मी डोळ्यांनी पाहिले होते. त्या ज्ञानाच्या जोरावर वर्षापूर्वी मी माझ्या स्वतःच्या जुन्या गाडीची वाकलेली पट्टी स्वयंपाकघरातल्या गॅसवर धरली. ती लाल होण्याची वाट पाहत बसलो. ॲल्युमिनियम वितळेपर्यंत लाल दिसत नाही, हे मला ठाऊक नव्हते. पट्टी नंतर अगदी लोण्यासारखी सरळ झाली. मी खूष झालो. पहिल्याच उडीनंतर ती मधोमध खचली, आणि त्यानंतर दर वेळी खचत राहिली.

का, ते मागाहून वाचले. तांब्याला ठोकून कठीणपणा येतो. या मिश्रधातूला तो उष्णतेच्या संस्कारांनी येतो. १९०६ साली जर्मनीत आल्फ्रेड विल्म यांना असे आढळले, की ॲल्युमिनियमचा एक विशिष्ट मिश्रधातू तापवून एकदम थंड केला तर तो पुढच्या काही दिवसांत आपोआप कठीण होत जातो. त्या शोधातून पुढची सारी विमाने उडाली. चांगल्या चासीला वापरतात तो ७०७५ या क्रमांकाचा मिश्रधातू त्याच कुळातला. तसा धातू जपानमध्ये १९३६ साली विमानांसाठी तयार झाला होता. त्याला सुमारे ४७० अंशांपर्यंत तापवून पाण्यात बुडवतात, आणि मग १२० अंशांच्या आसपास जवळजवळ एक दिवस मुरवतात. माझ्या गॅसने ती मुरवण दहा मिनिटांत पुसून टाकली. चूक तांबटांची नव्हती. त्यांचे ज्ञान त्यांच्या धातूपुरते पुरेपूर खरे होते. ते न समजता दुसऱ्या धातूला लावले ही चूक माझी.

म्हणून मित्राच्या पट्टीच्या वेळी मी आमच्या रस्त्यावरच्या गॅरेजात गेलो. तिथे डेंटिंगचे काम करणारे काका पट्टी हातात घेऊन बराच वेळ नुसतेच पाहत राहिले. मग म्हणाले, “हातोडी राहू दे. आधी कुठून वाकलीय ते बघ. आणि सरळ करायची तर सरळच्या पुढं न्यावी लागंल.”

त्यांच्या या शेवटच्या वाक्यात धातुशास्त्राचा एक मोठा धडा आहे. कोणताही धातू वाकवून सोडला की थोडा माघारी येतो. ॲल्युमिनियमचा ताठपणा पोलादाच्या जवळजवळ एक-तृतीयांश; त्यामुळे सारखाच जोर सोसणाऱ्या दोन पट्ट्यांत ॲल्युमिनियमची पट्टी सुमारे तिप्पट माघार घेते. बरोबर सरळ रेषेवर आणून सोडली तर ती पुन्हा वाकडीच होणार. तिला रेषेच्या थोडे पलीकडे न्यावे लागते, म्हणजे ती परतून रेषेवर येते. किती पलीकडे, हे कोणतेही पुस्तक सांगत नाही. ती पट्टीच सांगते, आणि तेही थोडे थोडे विचारले तरच. एकदम जास्त नेली तर उलटा वाक येतो आणि हा धातू तडकतोही.

काकांच्या देखरेखीखाली मी दोन लाकडी फळ्यांमध्ये पट्टी धरून ती वाकलेल्या रेषेपर्यंत वाइसमध्ये आवळली. वरच्या बाजूला आणखी दोन फळ्या घट्ट बांधून त्यांची तरफ केली आणि दोन्ही हातांनी सावकाश दाब दिला. सोडले, काचेवर ठेवले, कागद सरकवला. पुन्हा वाइस, पुन्हा काच. असे सतरा वेळा झाले. पहिल्या पाच वेळा तर काहीच घडले नाही. पट्टी होती तिथेच परतली. सतराव्या वेळी कागद फटीत शिरेना. सारा दुपारचा वेळ गेला, हातोडी एकदाही उचलली नाही.

इथवर वाचून कोणी म्हणेल, झाले की काम! नाही, माझ्या मते खरा प्रश्न इथूनच पुढे सुरू होतो. सरळ झालेली पट्टी पूर्वीची पट्टी नसते. योहान बाउशिंगर या जर्मन अभियंत्याने १८८० च्या दशकात दाखवून दिले होते, की धातू एका दिशेने कायमचा वाकवला की उलट दिशेने तो पूर्वीपेक्षा कमी जोरात नमतो. म्हणजे पुन्हा तशीच धडक बसली तर ही पट्टी पहिल्यापेक्षा लवकर वाकणार. स्क्रूंच्या भोकांभोवती ताण साठतो, म्हणून तिथे भिंगातून तडे शोधले पाहिजेत. रंगीत थरावर वाकलेल्या जागी केसासारख्या पांढुरक्या रेघा उमटल्या होत्या. त्या काही केल्या जात नाहीत. भोकापाशी तडा दिसला, किंवा त्याच जागी दुसऱ्यांदा वाकली, तर पट्टी टाकावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे आईचा सल्ला बरोबर आहे. पण तो निर्णय शेवटी यावा, सुरुवातीला नव्हे.

गाडी जोडून झाली. सुरीच्या पात्यावर दोन्ही चाके एकदम उठली. भाऊ म्हणाला, “दादा, त्याला सांगूच नकोस. खालून कोण बघतंय?” खरे सांगतो, त्या रात्री मला तो सल्ला फार आवडला. पट्टीच्या पोटाखालच्या रेघा माझ्याशिवाय कोणाला दिसणार नव्हत्या. पण मित्र ही गाडी शर्यतीत उतरवणार होता. ती ऐन वळणावर खचली असती, तर त्याने पुन्हा स्वतःच्या हाताला दोष दिला असता. कमकुवत जागा लपवून ठेवणे म्हणजे दुसऱ्याला त्याच्या अपयशाचे कारण कळू न देणे होय.

मी पट्टीच्या खाली मार्करने वाकल्याची आणि सरळ केल्याची तारीख लिहिली आणि मित्र आल्यावर गाडी उलटी करून त्याच्या हातात दिली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग घरातून काच आणून त्याने स्वतः कागद सरकवून पाहिला. शेवटी असे ठरले, की ही पट्टी सरावाला ठेवायची, शर्यतीसाठी नवीन घ्यायची आणि निम्मे पैसे मी द्यायचे. ते मी अजून हप्त्याने फेडतो आहे.

कलाशाखेच्या वार्षिकात ॲल्युमिनियमचे काय काम, असे संपादक विचारतील. माझे उत्तर असे, की ‘सुधारणा’ हा शब्द आपण वर्गात रोज ऐकतो, परीक्षेत त्यावर टिपा लिहितो. पण एखादी वाकलेली वस्तू हातात धरून ती सुधारायला किती वेळ लागतो, हे आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिले आहे. जे रोज पाहतात, त्या डेंटरला आणि तांबटाला आपण कारागीर म्हणतो, जाणकार म्हणत नाही. यात बदल व्हावा. ज्या कोणाच्या घरी काही वाकून पडले असेल, त्याने ते टाकण्यापूर्वी एकदा काचेवर ठेवून पाहावे. आणि सरळ झालेच, तर खाली तारीख लिहायला विसरू नये.